संशय कुणावर?

कुणाचा फोन चोरीला गेला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. "ठेवला कुठे होतास?" विचारपूस केल्यासारखा विचारला तरी तो प्रश्न नसे, निकाल असे. मागच्या खिशात ठेवलास, दारात उभं राहून व्हिडिओ बघत होतास, पर्स पाठीवर टाकलीस, मग जाणारच. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या प्रवासात माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली, आणि इतक्या वर्षांत माझा साधा रुमालसुद्धा कुणी मारला नव्हता. याचं श्रेय मी नशिबाला कधी दिलं नाही, स्वतःकडेच घेतलं.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा फोन कुर्ल्याला चढताना गेला, तेव्हा तो बरेच दिवस गप्प गप्प होता. त्याच्या आईच्या आवाजातले निरोप त्या फोनमध्ये होते, आणि आई त्याच वर्षी गेली होती. मी त्याला म्हटलं, "बॅकअप नव्हता घेतलास?" त्याला हे आता आठवत नसावं. मला तो समोर दिसला की आधी तेच आठवतं. एवढी शहाणी मी, आणि सांत्वनाचं एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

माझ्या सावधपणाची एक रीत होती. लेडीज डब्यात शिरले की मी आधी माणसं चाळायची. क्लिपा आणि टिकल्या विकणाऱ्या पोरी, खांद्यावर झोपलेलं मूल टाकून हात पसरणारी बाई, फरशीचे दोन तुकडे वाजवत गाणारी मुलं. यातलं कुणी दिसलं की पर्स छातीशी यायची आणि चेन माझ्या मुठीत. कुणीच नसलं की मी सैल. गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात डबा, नीट पिना लावलेली ओढणी अशा बायकांमध्ये मी निर्धास्त असे. त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेसुद्धा आहे.

हे मी कुठे शिकले ते मला नेमकं माहीत आहे. माझं आजोळ सोलापूरचं. तिथे 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून रोज हजेरी लावली, त्यातली ती वसाहत. कायदा १९५२ साली रद्द झाला. माझ्या आजीच्या लेखी तो कधीच रद्द झाला नाही. त्या बाजूने टांगा निघाला की ती माझ्या हातातल्या बांगड्या काढून आपल्या कनवटीला लावायची. कारण सांगायची नाही, मी विचारायचेही नाही. मुलाला भीती शिकवायला शब्द लागत नाहीत, बांगड्या काढून घेतल्या की पुरतं.

पुढे बी.ए.ला असताना लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे अशाच एका जमातीतलं आत्मकथन वाचलं. १९८७ साली आलेलं आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक, सगळीकडे त्याचीच चर्चा होती. मी रात्री जागून वाचलं, रडले, आणि कॉलेजच्या अंकासाठी त्यावर लेखही लिहिला. लेखात बहुतेक 'व्यवस्था' हा शब्द पुष्कळ वेळा होता. तोच लेख पर्समध्ये घेऊन मी गाडीत बसले असेन आणि समोर मळक्या परकरातली पोर आली म्हणून पर्स ओढून घेतली असेन. या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नाही. वाचताना मी एक बाई होते आणि प्रवासात दुसरी.

माझा फोन गेला तो गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. गाड्या उशिरा, फलाट गच्च, छत्र्यांचं पाणी एकमेकींच्या अंगावर. चढताना नेहमीचीच रेटारेटी झाली. आत मी दाराजवळच्या पट्टीत उभी राहिले, आणि माझ्या पायाशी एक क्लिपवाली पोर आपली थैली मांडीवर घेऊन उकिडवी बसली. अठरा-एकोणीसची असेल. ठाण्यापर्यंत माझी नजर तिच्यावरच होती. ठाणं गेल्यावर ऑफिसला उशीर कळवावा म्हणून पर्समध्ये हात घातला, तर चेन अर्धी उघडी आणि फोन नाही.

आधी मी "फोन गेला" म्हटलं. मग एक वाक्य म्हटलं, ते इथे जसंच्या तसं लिहिते. "ही मघापासून माझ्या पर्सपाशीच होती."

एवढं पुरलं. बायका वळल्या. कुणीतरी आपल्या फोनवरून माझा नंबर लावला, स्विच ऑफ लागला. कुणीतरी थैली ओढली आणि खाली उलटी केली. क्लिपा, रबरबँड, टिकल्यांची पाकिटं, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली चपाती. एकीने तिची कंबर चाचपली. ती मी नव्हते, पण तिला अडवणारीही मी नव्हते. पोरगी सारखी म्हणत होती, "ताई, माझ्याकडं नाही वो, बघा की, बघा." घाटकोपरला उतरवून पोलिसांच्या ताब्यात देऊ असं कुणी म्हणताच मात्र ती पार बिथरली. "पोलिसाला नका बोलवू ताई, पाया पडते." आमच्या ग्रुपमधली एक म्हणाली, "बघा, चोराच्या मनात चांदणं."

मला ते अगदी पटलं. तिच्याकडे फोन सापडला नव्हता, तरी पटलं. साथीदाराकडे दिला असेल, असं मीच म्हणाले. म्हणजे सापडला असता तरी ती चोर होती आणि सापडला नाही म्हणूनही ती चोर होती. घाटकोपरला दाराशी गर्दी उसळली, त्यात ती उतरून पळाली. माल डब्यातच राहिला. दादरपर्यंत क्लिपा चपलांखाली कटकट मोडत होत्या.

ऑफिसात पोचल्यावर शेजारणीच्या फोनवरून मी आधी सिम बंद केलं. हे मात्र मला ठाऊक होतं. फोनला कुलूप असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं आणि मग बँकेचे सगळे ओटीपी तिकडे जातात. सिमला वेगळा पिन लावून ठेवला तर तेही जमत नाही. तीनदा चुकला की सिम अडकतं. ते मी कधी केलं नव्हतं. मग बँक, मग यूपीआय. त्यानंतर तक्रार. फोन कुठे गेला हे नक्की सांगता येत नसल्याने हद्दीचा घोळ होईल असं वाटलं होतं; पण लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यात गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून घेतला आणि आमच्या स्टेशनच्या ठाण्याकडे वर्ग केला. नव्या भारतीय न्याय संहितेतलं कलम ३०३(२), म्हणजे साधी चोरी. आयएमईआय नंबर विचारला तेव्हा मी गप्प. फोनवर स्टार हॅश झीरो सिक्स हॅश दाबलं की तो पंधरा आकडी नंबर दिसतो, पण त्यासाठी फोन हातात हवा. शेवटी मुलीने घरी खोकं शोधून त्यावरचा नंबर कळवला.

लिहून घेणाऱ्या महिला हवालदारांनी विचारलं, "संशय कुणावर?"

मी त्या पोरीचं असं वर्णन दिलं की चित्रकाराने चित्र काढावं. वय, रंग, नाकातली चमकी, ड्रेसचा रंग, तुटलेल्या बंदाची चप्पल. पोलिसांचं नाव काढताच कशी घाबरली, तेही सांगितलं. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "मॅडम, ती घाबरणारच. विनापरवाना माल विकतात ना ह्या. कलम १४४ लागतं रेल्वे कायद्याचं. दंड होतो, माल जप्त होतो. चोरी केलेली असो नसो, आम्हाला बघून पळतातच सगळ्या."

त्यांनी हे सहज सांगितलं, मला समज देण्यासाठी नव्हे. पण पेन घेऊन सही करताना माझा हात अडखळला. डब्यातला आमचा एकमेव पुरावा म्हणजे तिचं घाबरणं. आणि ज्या गोष्टीला ती घाबरली ती माझ्या फोनशी संबंधित नव्हतीच. हे मला इतक्या वर्षांच्या प्रवासात माहीत नव्हतं का? होतं. रेल्वे पोलीस डब्यात शिरले की क्लिपवाल्यांनी थैल्या सीटखाली सरकवलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत, एकीची थैली तर माझ्याच पायामागे लपली होती. तरीही मी सही केली. संशयाच्या रकान्यात ती पोर तशीच राहिली.

त्याहून वाईट मी त्याच संध्याकाळी केलं. नवं सिम जुन्या फोनमध्ये घातलं आणि गाडीच्या ग्रुपवर लिहिलं: "मैत्रिणींनो, सावध राहा. क्लिपा विकण्याच्या नावाखाली मुलींची टोळी फिरते आहे. आज माझा फोन गेला. सगळ्यांना पाठवा." टोळी कुठून आली? मी एक मुलगी पाहिली होती. पण एकटी मुलगी लिहिलं असतं तर ते चोरी झाल्यासारखं दिसलं असतं. टोळी लिहिल्यावर मी सावध असूनही लुटले गेले असं दिसत होतं. माझी अब्रू राखायला मला टोळी हवी होती.

काही दिवसांनी आमच्या स्टेशनच्या ठाण्यातून फोन आला, सीसीटीव्ही बघायला या. फोन सापडेल अशी आशा नव्हती. त्यांनाही नसावी, पण फिर्यादीने ओळखावं लागतं.

स्वतःला वरून बघायची आपल्याला सवय नसते. पडद्यावर नुसते भांग दिसत होते, काळ्या छत्र्या आणि भांग. मी मला ओळखलं ते पर्सच्या पिवळ्या पट्ट्यावरून. पर्स पुढे घेतलेली होती, हे बघून मला बरंच वाटलं. गाडी आली. पुढची एक बाई दारात पाय ठेवता ठेवता अचानक थबकली, जणू चप्पल निसटली असावी. मी तिच्यावर आदळले. त्याच क्षणी बाजूची दुसरी बाई मला चिकटली आणि तिची ओढणी माझ्या पर्सवर आली. मग दोघी गर्दीतून मागे सरल्या, आणि त्यांच्या मागच्या बायकांनी मला आत ढकललं. "आता बघा," हवालदार म्हणाले, "गाडी सुटली. ह्या दोघी इथंच." दोघी फलाटावर उभ्या होत्या. एकीने छत्री उघडली. गाडीत चढायला त्या आल्याच नव्हत्या.

ऑफिसला निघालेल्या बायकांसारख्या बायका. खांद्याला पर्स, एकीच्या हातात डब्याची पिशवी. चेहरे धूसर, पण चेहरे दिसले असते तरी मी ओळखले नसते, कारण मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. दोघींपैकी एक माझ्या अंगाला अंग लावून उभी होती आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे एक अक्षर नव्हतं.

मी पुन्हा दाखवायला सांगितलं. या वेळी मी त्या दोघींकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. गाडी येण्याच्या आधीपासून माझी मान डावीकडे वळलेली आहे. पाय दारात, धक्का बसतोय, ओढणी पर्सवर येतेय, आणि मी डावीकडेच बघतेय. डावीकडे, चांगली चार-पाच हात लांब, खांबाला टेकून ती क्लिपवाली पोर उभी आहे. बायकांची गर्दी चढून जाईपर्यंत ती थांबली आहे, कारण आधी घुसली तर बायका ओरडतात. मग थैली डोक्यावर धरून ती अगदी शेवटी चढते. गाडी हलते. म्हणजे ती माझ्या पायाशी येऊन बसली तेव्हा माझ्या पर्समध्ये चोरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गर्दीत चढताना माणसाचं लक्ष जेमतेम एका गोष्टीला पुरतं. पाय ठेवायला जागा, दांड्याला हात, मागून येणारा रेटा. तेवढे काही सेकंद पाकीटमाराचे असतात आणि तो ते धक्का देऊन आणखी वाढवून घेतो. त्यातूनही जे काही लक्ष माझ्याकडे उरलं होतं ते मी खांबाला टेकलेल्या एका पोरीवर खर्च करत होते. मी बेसावध नव्हते. बेसावध असते तर कदाचित पर्सवर ओढणी आलेली जाणवली असती. माझा सावधपणाच त्या दोघींच्या उपयोगी पडला. माझ्यासारख्या बायका कुठे बघतात आणि कुठे बघत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून तर त्या माझ्यासारखा वेष करून येतात.

हवालदारांनी विचारलं, "ती क्लिपवाली दिसते का कुठं? तुम्ही वर्णन दिलंय तिचं." मी पडद्यावर बोट ठेवून ती दाखवली आणि म्हटलं, हिने काही केलेलं नाही, हिचं नाव काढा. ते म्हणाले, नाव नाहीच आहे, नुसता संशय आहे. मग पुरवणी जबाब झाला. त्यात माझं वाक्य लिहिलं गेलं की सदर मुलीवर माझा संशय नाही. घाटकोपरला ती कशी उतरली, थैलीचं काय झालं, कंबर कुणी चाचपली, हे जबाबात आलं नाही. त्याचा गुन्हा कुणी नोंदवलेला नव्हता.

चोरांबद्दल मला आता कळवळा आलाय असं कुणी समजू नये. त्या दोघी सापडाव्यात आणि आत जाव्यात असंच मला वाटतं. फोन मी संचार साथीच्या पोर्टलवर जाऊन ब्लॉक केला आहे. तक्रारीची प्रत आणि आयएमईआय दिला की तो नंबर देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो, आणि कुणी त्यात सिम घातलंच तर माग लागू शकतो. सुटे भाग करून विकला असेल तर नाही. सावध राहणंही मी सोडलेलं नाही. पण आता मी माणसं चाळत नाही. चढताना पर्सच्या चेनवर मूठ, डब्यात कुणीही असो. फोन पर्सच्या आतल्या कप्प्यात, सिमला पिन, आयएमईआय घरच्या डायरीत. दारात उभं राहून फोन काढत नाही, कारण रुळांच्या कडेला उभं राहून हातावर काठीचा फटका मारणारे डब्यात नसतातच, त्यांचा चेहरा बघायला कुणाला वेळच मिळत नाही. क्लिपवाली आली की हात अजूनही आपोआप पर्सकडे जातो. तो मी मागे घेते. आजी इतक्यात जाणार नाही.

त्या पोरीला मी शोधलं. त्याच गाडीने, पुढच्या-मागच्या गाड्यांनी. कानातल्यांचा बोर्ड घेऊन फिरणाऱ्या एका प्रौढ बाईला विचारलं तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कशाला हवीय ती?" मी म्हटलं, तिचा माल मोडला होता, पैसे द्यायचेत. "कुणी मोडला?" मी म्हटलं, आम्ही. ती बाई काही क्षण माझ्या पर्सकडे बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडे. "न्हाई बा मला म्हाईत," म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे गेली. मी पोलिसांची असेन, किंवा आणखी काही लचांड मागे लावायला आले असेन, असं तिला वाटलं असणार. तिच्या जागी मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

ग्रुपवर मी खुलासा लिहिला. फोन फलाटावरच गेला होता, सीसीटीव्हीत दोन बायका दिसल्या, क्लिपवालीचा संबंध नव्हता, माझी चूक झाली. दोन-तीन अंगठे आले. चांदणंवाल्या मैत्रिणीने लिहिलं, "ती नसेल गं, पण ह्या असतातच." दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी फराळाच्या ऑर्डरी विचारल्या आणि विषय वर सरकून गेला. पोरीची कंबर चाचपणाऱ्या बाईने मात्र काहीच लिहिलं नाही. ती हल्ली वेगळ्या डब्यात चढते. माझ्यामुळे की स्वतःमुळे, विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला पुण्याहून माझ्या जावेने एक मेसेज पाठवला. "वहिनी, तुम्ही रोज ट्रेनने जाता म्हणून पाठवते आहे." क्लिपा विकण्याच्या नावाखाली मुलींची टोळी फिरते आहे. शब्द माझेच होते. मध्ये गुंगीच्या औषधाचा स्प्रे आला होता, टोळीत लहान मुलंही आली होती, आणि शेवटी 'पोलिसांकडून जनहितार्थ' असं लिहिलं होतं. मी तिला लगेच फोन केला. म्हटलं, हे मी लिहिलेलं आहे, खोटं आहे, ज्यांना पाठवलंस त्यांना सांग. सगळी हकीकत सांगितली, पळालेल्या पोरीसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "पण वहिनी, काळजी घेतलेली बरीच ना?"